परत पहिल्यापासून

पिंपळदरा दूध उत्पादक सहकारी संस्थेत दूध कमी आणि ठराव जास्त, अशी अवस्था होऊन दोन वर्षं झाली होती. पाऊस नाही म्हणून चारा नाही, चारा नाही म्हणून गावची निम्मी जनावरं छावणीत. सकाळी कॅनमध्ये कसंबसं बावीस लिटर दूध जमायचं. पण सेक्रेटरी सुंदरराव ते बावीस लिटरही बावीसशे असल्याच्या थाटात नोंदवून घ्यायचे. त्यांच्यापुढे कुणी मापाबाहेर एक थेंब सांडला तर त्याचंसुद्धा कारण लिहून द्यावं लागे.

सुंदररावांचं सगळं नियमात. सभेला कोरम पाहिजे, ठरावाला सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे. सभासद वारला तर दोन मिनिटं उभं राहायचं, आणि दोन म्हणजे मनगटावरच्या घड्याळाची दोन. मध्येच कुणी खोकलं, कुजबुजलं किंवा नुसती मान खाजवली तरी सुंदरराव डोळे न उघडता म्हणायचे, "परत पयल्यापासून!" आश्रुबाच्या दुखवट्याला तर पाच वेळा पहिल्यापासून झालं होतं. "आश्रुबा सुटला बे, आमी अडाकलो," असं चेअरमन धोंडीराम तेव्हा म्हणाला होता, आणि तेही मोठ्यानं म्हणाल्यामुळे सहावी वेळ आली होती.

अशा माणसाला एके दिवशी थेट दिल्लीहून पत्र आलं. पिंपळदऱ्याच्या नळयोजनेचा प्रश्न येत्या मंगळवारी लोकसभेत विचारला जाणार, तारांकित, यादीत तिसरा. म्हणजे मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागणार. अकरा वर्षं सुंदरराव अर्ज करत होते. कागदावर योजना पुरी झाली होती. प्रत्यक्षात टेकडीवर टाकी होती, गावात पाइप होता, आणि दोघांची अजून भेट झाली नव्हती.

योजना मंजूर झाली त्याच आठवड्यात सुंदररावांनी बीडहून पितळी तोटी आणून न्हाणीच्या भिंतीत बसवली होती. बायको, सत्यभामा, हसली होती. "आधी पाणी यिऊ द्या की, मग तोटी."

"तोटी बसवल्याबिगर कनेक्शन देत न्हाईत. नियम हाय."

दर दिवाळीला सत्यभामा ती तोटी चिंचेनं घासून लख्ख करायची, तिला हळदकुंकू लावायची, आणि घागरी घेऊन मैलभर लांबच्या विहिरीवर जायची. गेल्या चैत्रात भर दुपारी ती दोन घागरी घेऊन आली, उंबऱ्यात टेकली, ती टेकलीच. घागरी मात्र तिनं आधी नीट उतरवून ठेवल्या होत्या. पाणी सांडलं नव्हतं.

वीस वर्षं ही बाई रोज पहाटे संस्थेत दूध घालत होती. त्या महिन्याच्या सभेला शेजारची बायनाबाई दारात उभी राहून म्हणाली, "भाऊजी, सत्यभामाबायसाठी उभं ऱ्हावा सगळे." सगळे उठलेही. पण सुंदररावांनी पोटनियमांचं पुस्तक काढलं. दुखवटा फक्त सभासदाचा. शेअर सुंदररावांच्या नावे, सत्यभामा सभासद नाही.

"बायको माझी हाय म्हनून नियम मोडायचा का? बसा खाली."

सगळे बसले. बायनाबाई तेव्हापासून त्यांच्याशी बोलली नाही. सुंदररावांनी दिवाळीला तोटी स्वतः घासली, पण त्यांना काही ते जमलं नाही. कडेला काळं राहिलंच.

आता एकच राहिलं होतं. देशाच्या सभागृहात पिंपळदऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं जावं, मंत्र्यानं उठून खरं काय ते सांगावं. मग पाणी येवो न येवो, सत्यभामेला सांगायला काहीतरी झालं असतं.

मंगळवारी दहापासून अख्खं गाव संस्थेच्या खोलीत आणि ओट्यावर दाटलं. सुंदररावांनी घरोघर नोटीसच फिरवली होती, 'सर्वांनी हजर राहावे'. संस्थेच्या टेबलावर बारका ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही मांडला होता. साडेदहाला वीज गेली.

तेवढ्यात ख्वाजा टँकर घेऊन आला. बीडचा हा पोरगेला ड्रायव्हर आधी मेकॅनिक होता. "घाबरू नका सेक्रेटरीसाब, टँकरची बॅटरी लावतो. बारा व्होल्टवर मस्त चालतो हा." त्यानं टँकर रस्त्यापलीकडच्या आडाला लावला, पाइपाचं तोंड आडात सोडलं, व्हॉल्व्ह उघडला आणि बॅटरी खांद्यावर घेऊन आला.

आता नेहमीचा रिवाज असा की, टँकर रिकामा होईपर्यंत गावातला सटवा त्या पाइपावर बसून राहायचा. पाण्याच्या जोरानं पाइप उसळ्या घ्यायचा आणि सटवाचं वजन चांगलं होतं. पण आज सटवालाही नोटीस होती. त्यानं पाइपावर एक दगड ठेवला आणि तो कोरम पुरा करायला आला.

अकरा वाजता टीव्हीवर सभागृह दिसलं. सुंदररावांनी टोपी सारखी केली. अध्यक्ष उभे राहून जड आवाजात काहीतरी वाचू लागले.

"आपलंच का हे?" धोंडीरामनं विचारलं.

ख्वाजा कान देऊन ऐकत होता. "नाही चेअरमनसाब. कोणीतरी मेंबर कल मयत झाले. लांबचे हाएत, उधर पूरबचे. त्यांचा दुखवटा चाललाय. आणि सभा आजच्यासाठी बरखास्त."

"बरखास्त? आन् आपला प्रश्न?"

खोलीत गलका झाला. सुंदररावांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. अकरा वर्षं, आणि तिसरा नंबर! पण ते नियमाला धरून होते. विद्यमान सदस्य वारला, सभा तहकूब, हे बरोबरच होतं. त्या अध्यक्षांच्या जागी ते स्वतः असते तरी त्यांनी हेच केलं असतं. टीव्हीवर सगळे सदस्य उठून उभे राहिले.

"उठा," सुंदरराव म्हणाले. "दोन मिनिटं."

गाव उठलं. मिनिटभरात टीव्हीवरची माणसं हलली, पांगायला लागली.

"ते तर निघाले बे," धोंडीराम म्हणाला.

"परत पयल्यापासून!"

दुसऱ्या खेपेला दीड मिनिट नीट गेलं. मग सटवा चुळबुळला. "सेक्रेटरी, पाणी..."

"परत पयल्यापासून!"

तिसऱ्या खेपेला कुणाची छाती झाली नाही. खोलीत इतकी शांतता पसरली की बाहेरचा आवाज स्वच्छ ऐकू यायला लागला. पाणी वाहत होतं. झुळझुळ, भरपूर, बिनघोर वाहत होतं. सटवानं ख्वाजाकडे पाहिलं, ख्वाजानं धोंडीरामकडे, धोंडीरामनं सुंदररावांकडे. घाम सगळ्यांना फुटला होता, पण बोललं की परत पहिल्यापासून, म्हणजे आणखी दोन मिनिटं पाणी जाणार. त्यापेक्षा गप्प राहून लवकर सुटावं, असा सगळ्यांनी आपापला शहाणा हिशेब केला.

पण दोन मिनिटं संपेचनात. सुंदररावांनी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं. डोळे मिटून, हात जोडून ते उभे होते आणि त्यांच्या तोंडावर असं काही होतं, जे गावानं त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. पाच मिनिटं झाली. सात झाली. नवव्या मिनिटाला ओट्यावरून बायनाबाई किंचाळली, "मेल्यांनो, कोण मेलंय त्याच्यापायी आमाला मारता का? पाणी चाललं सारं!"

गाव धावलं. दगड आडाच्या कडेला होता, पाइप रस्त्यावर होता आणि टँकरचं पाणी ओढ्याला गेलं होतं. तळाला उरलेलं पाणी चार घागरी भरतील इतकं. बाया रांगेतल्या रिकाम्या घागरींपाशी मटकन बसल्या. आणि दैव असं की त्याच वेळी तहसीलची जीप आली आणि त्या चिखलात रुतली. दोन वर्षांच्या दुष्काळात पिंपळदऱ्यात चिखलात रुतलेली ती एकमेव गाडी. साहेब उतरले, त्यांनी बूट पाहिले, ओढ्याकडे जाणारं पाणी पाहिलं आणि डायरी काढली.

पंधरा दिवसांनी तहसीलमार्फत पाकीट आलं. सुंदररावांनी ते फोडलं नाही, रीतसर सभा बोलावली. टँकरचा दिवस होता, म्हणून ख्वाजाही दाराशी टेकून उभा होता. सटवा पाइपावर होता.

सुंदररावांनी वाचायला सुरुवात केली. प्रश्न सभागृहात आला नाही, त्यामुळे उत्तर पटलावर ठेवण्यात आलं. पिंपळदऱ्याची योजना पूर्ण झाली आहे काय? राज्य शासनानं कळवल्याप्रमाणे, होय. नसल्यास कारणं काय? प्रश्न उद्भवत नाही. खाली तहसीलचा शेरा होता. प्रत्यक्ष भेटीत गावच्या रस्त्यावर मुबलक पाणी वाहताना आढळल्यानं टँकरच्या आठवड्याच्या दोन फेऱ्यांची एक करण्यात येत आहे.

 सुंदररावांनी कागदाची घडी घातली आणि खिशातून दुसरा कागद काढला. राजीनामा होता.

"त्या दिवशी कोरम म्या बोलावला, दुखवटा बी म्याच लांबवला. चूक माझी."

"ते ऱ्हाऊ द्या," धोंडीराम म्हणाला. "पण सेक्रेटरी, पाणी ऐकू येत नव्हतं का तुमाला? बहिरं मानूस बी ऐकंल असं चाललं होतं."

सुंदररावांनी राजीनामा टेबलावर ठेवला. "ऐकू येत होतं ना. पयल्यापासून येत होतं. डोळे मिटले होते. मला वाटलं, तिच्या तोटीला आलं. म्हनलं, डोळे उघडले की बंद व्हईल."

ओट्यावर बायनाबाईनं पदर तोंडाला लावला. मग ती वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "मंग आमाला कावून न्हाई सांगितलं, भाऊजी? त्या पूरबच्या मानसासाठी नऊ मिनिटं उभं केलं. तिच्यासाठी सांगितलं असतं तर म्या किंचाळले नसते."

धोंडीराम उठला. "सत्यभामाबाईंच्या दुखवट्याचा ठराव. सूचक मी."

"अनुमोदक मैं," दारातून ख्वाजा म्हणाला.

"तू सभासद न्हाईस," सुंदरराव सवयीनं म्हणाले. "ती बी नव्हती." त्यांचा हात पोटनियमांच्या पुस्तकावर गेला. ते त्यांनी जरा बाजूला सारलं आणि इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहायला घेतला. अनुमोदक ख्वाजा, व्यवसाय ड्रायव्हर. अक्षर नेहमीसारखं ओळीत नव्हतं.

सगळे उठले. ओट्यावरच्या बायाही उठल्या. पलीकडे आडात पाणी पडत होतं, सटवाच्या वजनाखाली नीट पडत होतं. सुंदररावांनी मनगट वर केलं, पण त्यांना काटे दिसेनात. ते धोंडीरामनं पाहिलं आणि आपल्या घड्याळात बघून घेतलं.

दोन मिनिटं संपायला आली तेव्हा ख्वाजा खोकला. खोकला कोरडा होता, आणि मुद्दाम आणलेला होता.

"परत पयल्यापासून," धोंडीराम हळूच म्हणाला.

कुणीही कुरकुरलं नाही.