पळसपाडा फाटा

टोकावड्याच्या पुढे एसटीत कुणी "ढाब्यापाशी थांबवा" म्हटलं, की धर्मातात्या आपली सीट सोडून त्या माणसाशेजारी जाऊन बसतात. "ढाबा कालचा. त्याच्या आदी उतरायचास कुठं?" माणूस "फाट्यावर" म्हणाला, की पुढचा प्रश्न, "कुठल्या?"

तात्या आमचे शेजारी. जन्मभर रस्त्याच्या गँगवर खड्डे बुजवले, त्यामुळे तो रस्ता त्यांना सरकारचा न वाटता घरचा वाटतो. 'फाटा' म्हणजे काय, हे ते कुणालाही न विचारता समजावतात. "फाटा म्हंजे झाडाची फांदी. मोठा रस्ता हा खोड. आन् फाट्याला नाव खोडावरल्या गावाचं नाय देत. फांदीच्या टोकाला जे गाव असंल, त्याचं देतात. कितीबी लहान असू दे."

आमचं पळसपाडा लहानच आहे. रुंदीकरणात फाट्याची पाटी गेली, तिथे ढाबा आला, आणि लोक नाव विसरले. तात्या विसरू देत नाहीत. एकदा वाट विचारणारा वऱ्हाडाचा टेम्पो अडवून त्यांनी नवरदेवाकडून "पळसपाडा फाटा" तीनदा म्हणवून घेतलं होतं. मुहूर्त टळत आला होता.

मी कल्याणला नोकरी करते, खोली घेऊन राहते. ऑफिसात मात्र मी कल्याणचीच आहे असं सांगितलंय. शाळा इंग्रजी, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

गेल्या ऑगस्टात ऑफिसातल्या दोघींबरोबर एसटीने माळशेजला निघाले. मुरबाडला तात्या चढले. काखेत छत्री, हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा. मला पाहून तोंडभर हसले.

"ओळखतेस?" दोघींतल्या रियाने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. निदान हळू तरी म्हणायचं.

तात्यांचं हसू ओसरलं. ते आमच्या मागच्या सीटवर बसले. कंडक्टर त्यांच्या ओळखीचा. मुद्दाम खोडी काढत म्हणाला, "काय तात्या, ढाबा ना?"

मी खिडकीकडे तोंड वळवलं. आता सगळं होणार होतं. खोड, फांदी, टोकाचं गाव, आणि शेवटी "ही बघा, आमच्या पाड्याचीच पोर."

"हां," तात्या म्हणाले. "ढाबाच द्या."

कंडक्टरचं बोट मशीनवर तसंच राहिलं. "तब्येत बरी हाय ना?"

तात्यांनी तिकीट खिशात ठेवलं. ढाब्यापाशी उतरताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी परतताना बस तिथेच थांबली. मोरीच्या शेवाळलेल्या कठड्यावर ताज्या पांढऱ्या रंगात मोठी, वाकडी अक्षरं होती.

"पळसपाडा फाटा," रियाने वाचलं. "हे काय असतं?"

"गाव आहे," मी म्हणाले. "आत, टोकाला."

पुढचा 'माझं' हा शब्द तोंडात घोळत राहिला. बस सुटली.