भिंतीकडे तोंड करून

नोल्बेर्तोने बटण दाबलं तेव्हा पडक्या भिंतीपाशी त्याला तरी कोणी दिसलं नव्हतं. समोर जांभळ्या फुलांचा पसरलेला गालिचा, त्याच्या कडेला उकिडवी बसलेली सांतियागोची पाहुणेमंडळी, मागे टेकडीवर इंकांच्याही आधीच्या लोकांनी रचलेल्या दगडी भिंती आणि समुद्राकडून चढत आलेलं दाट धुकं, ज्याला तिथे कामांचाका म्हणतात. फोटो सुरेखच आला होता. फक्त त्यात भिंतीपाशी एक माणूस उभा होता. पाठमोरा, मान थोडी खाली घातलेला.

"हा कोण हो?" दोन्या ग्रिसेल्दाने कॅमेऱ्यात डोकावून विचारलं. दोन्या म्हणजे बाईसाहेब, आणि या बाईसाहेब निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी साधी वेळ विचारली तरी समोरच्याला वकील करावासा वाटे.

नोल्बेर्तोने वळून पाहिलं. भिंत होती, माणूस नव्हता. आता तर भिंतही अर्धीच उरली होती, बाकीची धुक्याने गिळली होती.

"सावली असेल," तो म्हणाला.

"ऊन कुठाय सावली पडायला?" दंतवैद्य उलिसेस म्हणाला. त्याची बायको त्याच्या दंडाला लटकली.

वाळवंटाला फुलं येतात ती कितीतरी वर्षांतून एकदा. मधल्या कोरड्या वर्षांत नोल्बेर्तो ओळखपत्रांचे फोटो काढी, म्हणजे गावातल्या लोकांना न हसण्याची विनंती करी. यंदा पाऊस झाला, फुलं आली, फुलांमागून गाड्या आल्या, आणि तो पुन्हा वाटाड्या झाला. टेकडी झपाटलेली आहे असं या मंडळींनी सांतियागोत जाऊन सांगितलं असतं, तर पुन्हा तेच गंभीर चेहरे. म्हणून वातावरण हलकं करायला त्याने विनोद केला.

"पहारेकरी असेल! जुना माणूस. इथलं कोणी काही खिशात घालून नेऊ नये म्हणून उभा राहत असेल."

कोणी हसलं नाही. दूरच्या वाटेवर एक खडा घरंगळला.

मग दोन्या ग्रिसेल्दाने पर्स उघडली. आतून रुमालात गुंडाळलेलं एक फूल निघालं. तांबडंलाल, 'सिंहाचा पंजा' नावाचं, चांगलं कंदासकट उपटलेलं.

"मला हे पडलेलं सापडलं," त्या म्हणाल्या.

"कंदासकट?" दंतवैद्याने विचारलं.

"तुमच्या खिशात काय वाजतंय मघापासून?"

दंतवैद्याच्या खिशातून रंगीत खापराचे तुकडे निघाले. त्याच्या बायकोच्या टोपीतून आणखी एक निघाला, तो नवऱ्यालाही ठाऊक नव्हता. सबंध वाटभर लंगडणारे एक आजोबा खाली बसले, त्यांनी बूट काढला आणि आतून बाणाचं दगडी टोक काढून लंगडणं थांबवलं. सगळी मंडळी ओळीने भिंतीपाशी गेली. कोणी "माफ करा हं" म्हणालं, कोणी नुसती क्रुसाची खूण करून मागे सरकलं. दोन्या ग्रिसेल्दाने नखांनी माती उकरून कंद पुरला आणि त्यावर बाटलीतलं पाणी घातलं.

गाडी उताराला लागली. गाडी चालवत होता एवारिस्तो, नोल्बेर्तोचा मेहुणा. तो हळूच म्हणाला, "दाजी, मी फोटोत आलो का हो?"

"तू?"

"सकाळपासून चहा जरा जास्तच झाला होता. भिंतीपाशी गेलो. तुम्ही कॅमेरा रोखलेला दिसला, पण अशा गोष्टी मध्येच थांबवता येतात का, तुम्हीच सांगा."

नोल्बेर्तोने त्याच्याकडे पाहिलं. पाठमोरा. मान खाली. मग त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. तो खिडकीवर डोकं आपटून हसला, डोळे पुसून पुन्हा हसला. मागच्या बाकावर दंतवैद्य बायकोच्या कानात म्हणाला, "याच्या अंगात शिरलं." दोन्या ग्रिसेल्दाने मोठ्याने जपमाळ सुरू केली.

खरं सांगावं असं नोल्बेर्तोच्या मनात आलं होतं. पण प्राचीन वारशावर मेहुण्याने काय केलं हे कळलं असतं तर वाटाड्याचा परवाना गेला असता. त्यापेक्षा भूत बरं. त्याला परवाना लागत नाही.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा फोटो त्याच्या आधी पोचला होता. दंतवैद्याने कॅमेऱ्याच्या पडद्याचाच फोटो काढून, खाली 'टेकडीचा पहारेकरी' असं लिहून जगभर पाठवला होता. त्याची बायको एदिलिया स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन बसली होती. दिवा लावायचं तिला भान नव्हतं.

"अगं, घाबरतेस काय! तो तुझा भाऊ आहे," नोल्बेर्तो म्हणाला आणि त्याने चहाची हकीकत सांगितली. सांगताना त्याला पुन्हा हसू आलं.

एदिलियाला आलं नाही. "एवारिस्तो आहे ते मी बघताक्षणी ओळखलं. लहानपणी त्याची पाठ मीच घासायचे. मी त्याच्या शेजारच्याबद्दल विचारतेय."

"शेजारच्या?"

तिने फोटो बोटांनी मोठा केला. एवारिस्तोपासून हातभर अंतरावर, धुक्याहून जेमतेम गडद, आणखी कोणी उभं होतं. उघडे पाय, खांद्यावर घोंगडीसारखं काहीतरी. ते भिंतीकडे तोंड करून नव्हतं. ते एवारिस्तोकडे बघत होतं. आपल्या घराच्या भिंतीशी कोणी असं उभं राहिलं तर घरमालक जसा बघेल, अगदी तसं.

नोल्बेर्तो खुर्चीत बसला. "एवारिस्तोला दाखवू नकोस," तो म्हणाला. "त्याला जन्मात पुन्हा लागायची नाही."

एदिलिया उठली. फळीवरचं काळ्या-पांढऱ्या नक्षीचं मातीचं वाडगं तिने खाली काढलं, त्यातलं मीठ बशीत ओतलं आणि वाडगं त्याच्यासमोर ठेवलं.

"हे तू तिथूनच आणलंस ना? लग्नाच्या आधी, मला खूश करायला?"

"तू खूश झाली होतीस."

"झाले होते. उद्या सकाळी परत ठेवून ये."

उजाडताना नोल्बेर्तो टेकडीखाली पोचला. धुकं इतकं दाट होतं की अंगावर घेतलेल्या पोंचोखालचं वाडगंच काय, स्वतःचे बूटही त्याला दिसत नव्हते. फुलं पायाला ओली लागत होती. तो चाचपडत वर चढला. भिंतीशी धुकं जरा विरळ होतं, आणि तिथे तो जागच्या जागी थिजला.

भिंतीपाशी माणसं उभी होती. एक नव्हे, अख्खी रांग. सगळी पाठमोरी, सगळ्यांच्या माना खाली.

वाडगं हातातून निसटणार, इतक्यात रांगेतलं एक भूत खोकलं. तो खोकला नोल्बेर्तो दर रविवारी ऐकत असे.

"फादर आन्सेल्मो?"

"फिरायला आलो होतो," फादर न वळता म्हणाले. त्यांच्या झग्याआडून दगडी खलबत्ता डोकावत होता.

"मीही," पलीकडून महापौरीणबाई म्हणाल्या. त्यांच्यासोबत बटाट्याची एक गोणी फिरायला आली होती, आणि ती खणखणत होती. बेकरीवाला, शाळेचे हेडमास्तर, औषधवाल्याची आई, सगळ्यांनाच त्या पहाटे व्यायामाची आठवण झाली होती. कोणी कोणाच्या हाताकडे पाहिलं नाही. नोल्बेर्तोने वाडगं भिंतीच्या कोनाड्यात ठेवलं, पुटपुटत मेहुण्याच्या वतीनेही माफी मागितली आणि घसा खाकरला.

"खाली जायची वाट दिसणार नाही. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून ओळीने चला. फादर, तुम्हाला वाट ठाऊक आहे, तुम्ही पुढे व्हा. मी शेवटी राहतो, म्हणजे कोणी मागे राहायला नको."

ओळ निघाली. नोल्बेर्तोचा हात महापौरीणबाईंच्या खांद्यावर होता. अर्धी टेकडी उतरल्यावर त्याच्याही खांद्यावर मागून एक हात आला. हलका, धुक्यासारखा गार.

नोल्बेर्तोने वळून पाहिलं नाही. तो महापौरीणबाईंचा खांदा घट्ट धरून चालत राहिला. पण फुलांच्या प्रत्येक हंगामात लोकांना इथून नेण्या-आणण्याची सवय अंगवळणी पडली होती. पुढे वाट तुटलेली होती, तिथे सगळेच ठेचकाळतात, आणि शब्द त्याच्या तोंडून आपसूकच बाहेर पडले.

"जपून हं," तो मागे न बघता म्हणाला. "इथे खड्डा आहे."

हात क्षणभर तसाच राहिला. मग त्याने नोल्बेर्तोचा खांदा दोनदा थोपटला आणि तो हात उचलला गेला.