म्हात्रेमॅडमची हळद

आमच्या म्हात्रेमॅडम माणसाला आधी हुंगतात आणि मग नमस्कार करतात. गालाला पावडर, केसांत गजरा, शर्टावर उदबत्तीची राख, यातलं काहीही सापडलं की तो माणूस दारातूनच परत. एकदा आमचे संचालक अंगारा लावून आले, तर त्यांनाही कपाळ धुऊन यायला लावलं. साहेब निमूटपणे धुऊन आले.

नवी मुंबईतल्या या प्रयोगशाळेत मी स्टोअर आणि मशीनच्या पाळ्यांची वही सांभाळतो. मॅडम धूळमुक्त खोलीत डिटेक्टर बनवतात. तारे जन्मतात त्या थंड ढगांतून टेराहर्ट्झ नावाचे अगदी क्षीण किरण येतात, ते पकडायला. त्यात अतिवाहक धातूची एक पट्टी असते, केसाच्या हजाराव्या भागाइतकी रुंद. तिच्यावर कण बसला की केलेलं सगळं पाण्यात. "एका कणाला एक महिना, शिंदे," हे मी रोज ऐकतो.

हे वेड मॅडमनी घरीही नेलं. त्या जुईनगरच्या आगरी. आगरी माणसाचं एक वेळ लग्न चुकेल, हळद चुकायची नाही. पण नखातली हळद आठवडाभर निघत नाही, म्हणून मॅडम वीस वर्षं प्रत्येक हळदीत मांडवाच्या खांबापाशी लांब उभ्या. बायका आधी रागावल्या, मग शिष्ट म्हणाल्या. पुढे पुढे त्यांना कुणी बोलावेनासंच झालं.

यंदा त्यांच्या भाचीचं, स्वराचं लग्न ठरलं. आईविना पोर, मॅडमनीच वाढवलेली. हळद रविवारी, आणि पट्टी कोरायच्या मशीनची पाळी सोमवारी. ती मिळायला मॅडमनी सहा महिने वाट पाहिली होती.

मी हळदीला पोचलो तेव्हा मॅडम माझ्याच स्टोअरचे हातमोजे घालून उभ्या होत्या. सगळ्यांचं लावून झालं, तरी स्वरा पाटावरून हलेना.

"आत्या, तू हलद लावल्याबिगर मी उठनार नाय."

मॅडम मोज्यांसकट पुढे झाल्या. पोरीने नकारार्थी मान हलवली. मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकेक बोट सोडवत मोजे काढले आणि दोन्ही हात ताटात घातले. स्वरानेही ओंजळभर हळद त्यांच्या गालांना फासली. मग काय, बायकांनी वीस वर्षांची कसर भरून काढली. मॅडम कोपरापर्यंत पिवळ्या झाल्या आणि हसत सुटल्या. त्यांना इतकं हसताना मी प्रथमच पाहिलं.

सोमवारी त्यांनी आपली पाळी सोडून दिली. स्वतःलाच दारातून परत पाठवून काचेबाहेर स्टुलावर बसल्या. नवव्या दिवशी कुणाची तरी पाळी रद्द झाली, म्हणून मी धावत सांगायला गेलो. त्यांचे हात मांडीवर होते, नखंसुद्धा स्वच्छ.

"उतरली, शिंदे," त्या हळूच म्हणाल्या. "पन पोर सासरी गेली, घरात आता लावायला कोन नाय. आजचा दिस ऱ्हाऊ द्या."

मी ती पाळी दुसऱ्याच्या नावावर लिहिली आणि मॅडमसाठी चहा सांगितला.