तो उजेड कोठे भेटस?

माझी आत्या, जिला सगळं धरणगाव अक्का म्हणतं, डॉक्टरकडून चित्र काढून घेतल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. गुडघा असो की दाढ, ती वही-पेन्सिल पुढे सरकवते. "आतलं तुमले दिसस, माले कसं दिसी? काढा." एका डॉक्टरांनी दाढ मुळ्यासारखी काढली, तर अक्काने पिशवीतून खोडरबरही दिलं.

मी आमच्या घराण्यातली पहिली बी.एस्सी. तरी दर महिन्याला दोन दिवस पोट धरून पडायची, आणि घरचे म्हणायचे, शिकलेल्या पोरींना सोसत नाही. एंडोमेट्रिओसिस हे नाव कळायला मला सहा वर्षं लागली. गर्भाशयातल्यासारखं अस्तर बाहेर वाढतं आणि जीव नकोसा करतं. गावातल्या डॉक्टरांनी सव्विसाव्या वर्षी सांगितलं, "गर्भपिशवी काढून टाका, कटकट मिटेल." आईने होकारार्थी मान हलवली. अक्का म्हणाली, "पहिले जळगाव."

तोवर मी लेसरबद्दल वाचलं होतं. आधी एक औषध देतात, ते रोगट अस्तरात साठतं, मग उजेड टाकला की तेवढंच मरतं. अक्काने ऐकलं आणि क्षणात निकाल दिला, "तण मरस, कपाशी उभी र्‍हास. समजनं."

जळगावात मेहरूणच्या डॉक्टरीणबाईंनी गर्भाशयाचं चित्र झकास काढलं. अक्काने ते निरखलं आणि विचारलं, "तो उजेड कोठे भेटस?"

"मावशी, त्याचं अजून संशोधनच चालू आहे. इथे यायला वर्षं लागतील. येईलच असंही नाही."

"मंग तवलोंग काय करानं?"

"गोळ्या. लागलं तर दुर्बिणीतून तेवढंच अस्तर काढू. पिशवी कशाला? ती काढूनही दुखणं राहू शकतं."

अक्काने चित्रातल्या पिशवीवर बोट ठेवलं. "काढीसन बी र्‍हास?"

"राहू शकतं."

"मी चोवीसनी व्हतू," अक्का म्हणाली. "पिशवी काढी. तरी दुखे. सासरना लोके म्हनेत, ढोंग करस. दोन सालमा माहेर धाडी दिनं."

अक्का सासरहून का परत आली, हे आमच्या घरात कधी कोणी बोललं नव्हतं. आणि मीही, एवढी शिकलेली, कधी विचारलं नव्हतं.

बाईंनी नवा केसपेपर ओढला. "तुमचंही लिहून घेते, मावशी."

"मनं ऱ्हाऊ द्या. इनं लिव्हा. पोरनी पिशवी काढानी नही, आसं लिव्हा. खाले सही करा."

बाईंनी लिहिलं, सही केली. अक्काला वाचता येत नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून तिने ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.