मोतीशेठचं कुलूप

शहाद्याहून नंदुरबारला जाताना एसटीत शेजारच्यानं मोतीशेठच्या मोबाईलमधलं पुस्तक डोकावून वाचलं, की शेठ पडद्यावर रुमाल टाकतात. "भाऊ, हाई मी इकत लिधेल शे. तू बी लई ले!"

असला हा माणूस! माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाला लागून त्यांचं कापडदुकान. एकदा तोंड पाडून आले. भाभी, म्हणजे त्यांची बायको, जन्मभर कादंबऱ्यांत बुडालेली. साखरेच्या आजारानं तिचे डोळे नेले. शेठनी तिच्यासाठी ई-पुस्तक घेतलं, मोबाईल वाचून दाखवेल म्हणून. पण छापणाऱ्यानं त्या फाइललाच असं कुलूप घातलेलं, की मोबाईल मुका.

"काढून देतो," मी म्हणालो.

"चोरी नही का?"

"शेठ, तुम्ही कापड विकलं की गिऱ्हाईक सदरा शिवो नाहीतर गोधडी, तुम्ही त्याची कात्री अडवायला जाता का?"

"नही. पन मन्हा दुकाननं कुलूप कोनी तोडं तर?"

"दुकान तुमचं. हे पुस्तक तुम्ही विकत घेतलंय!"

"मंग कायदा काय म्हनस?"

"कायद्याचं मला नक्की ठाऊक नाही," मी खरं ते सांगितलं. झालं! शेठ परत गेले. रोज येऊन तोच घोळ. माझं डोकं उठलं. शेवटी त्यांनी तेच पुस्तक भाभीच्या नावावर पुन्हा विकत घेतलं. "एक मन्हा डोयाले, एक तिन्हा कानले. आते कुलूप काढ." आणि स्वतःच माझं शटर अर्धं खाली ओढलं!

मोबाईल बोलायला लागला. सुटलो, म्हटलं.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे चहाला गेलो, तर शेठ स्वतःच पुस्तक वाचत बसलेले, अडखळत, शब्द गिळत. भाभी खेकसत होती, "अहो, तसं नही ते! परत वाचा!"

मी भडकलोच. त्यांना ओट्यावर ओढून म्हणालो, "शेठ, मग माझा जीव कशाला खाल्ला?"

शेठ हळूच म्हणाले, "मोबाईल बोलस तर ती गुमान आयकस. मी वाचस तर चुका काढस. तिन्हा डोया गयात तवयपासून ती मन्हासंगे भांडनीच नव्हती, भाऊ."

आतून हाक आली, "कोठे गयात? वाचा ना पुढे!"

शेठ लगबगीनं आत गेले, आणि पहिलंच वाक्य त्यांनी मुद्दाम चुकवलं.