सिद्रामअप्पांची हिंडती रोजनिशी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी सिद्रामअप्पांचं नाव काढलं की मी परंड्याच्या किल्ल्याबद्दल बोलू लागायचो. आता किल्ल्याबद्दल सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

निजामाच्या अमलात बाजारात अप्पांचं कापडाचं दुकान होतं, शेजारी आमचं किराण्याचं. अप्पांना रोजनिशी लिहायचा नाद. पण गादीवर बसून त्यांना एक ओळ सुचत नसे. गिऱ्हाइकापुढं लुगडी उलगडता उलगडता ते एकदम उठायचे. "दत्त्या, दुकानाकडं बघ रे. लिवण्याजोगं काही गावतंय का बघून येतो." गिऱ्हाईक तसंच बसून राही.

कधी खंदकाकडं, कधी गुरांच्या बाजारात, कधी तहसिलीच्या दारात. एकदा हसत हसतच परतले. "माकडानं शिपायाची टोपी पळवली! बोडक्यानं साहेबापुढं जाता येईना, म्हणून लेकानं कागदांचा बस्ता डोक्यावर धरला. सलाम करायला हातच न्हाय!" काही गावलं नाही, तर पान कोरं राही. "न बघितलेलं लिवायचं न्हाय," हा त्यांचा कायदा.

हे सारं कशासाठी, ते मला अप्पांचा गुडघा सुजला तेव्हा कळलं. सुंठ द्यायला घरी गेलो, तर अप्पा बायकोला, आमच्या अक्कांना, रोजनिशी वाचून दाखवत होते. अक्कांचे पाय कधीचेच गेले होते. तेव्हापासून उंबऱ्याबाहेरचं जग त्यांनी पाहिलं नव्हतं. "मग? बस्ता पडला का न्हाय?" त्या डोळे पुसत हसत होत्या.

अक्कांचं माहेर सोनारी. तिथं त्यांचा एकुलता भाऊ, काशिनाथमामा. दिवस वाईट होते, लुटालुटीची रोज नवी आवई उठायची. अक्कांचा जीव भावात अडकलेला. अप्पा म्हणाले, "माझा गुडघा चालू देत न्हाय. रविवारी तू जा. काय दिसंल ते येऊन सांग."

निघालो. पण गावाबाहेर लिंबाखाली दोस्तांचा पत्त्यांचा डाव रंगला होता. मी बसलो. संध्याकाळी अक्कांना काहीतरी सांगणं भाग होतं. "मामा मजेत हायेत. म्हैस व्यालीय. रेडी झाली." अक्कांचा चेहरा उजळला. अप्पांनी सगळं लिहून घेतलं.

चार-पाच दिवसांनी सोनारीचा एक माणूस धोतर घ्यायला आला. मी तिथंच होतो. "अप्पा, तुमच्या मेव्हण्याच्या दाराला कुलूप हाय की. महिना होत आला, बायकापोरं घेऊन बार्शीकडं गेलेत." भीतीनं तेव्हा पुष्कळ लोक निजामाची हद्द ओलांडून बार्शीला जात.

अप्पांनी शांतपणे धोतर घडी करून दिलं. माणूस गेला. मी पायानं चपला शोधू लागलो.

"रेडीचं नाव काय ठेवलंय?" अप्पांनी विचारलं.

"न्हाय ठेवलं अजून."

"ठेव. अक्का विचारतीय."

मी घाबरून म्हणालो, "चंद्री."

"झ्याक. कुलपाचं कळलं तर ती अन्न सोडंल. येत्या रविवारी परत सोनारीला जा." मग आवाज उतरवून म्हणाले, "लिंबाखालीच बस. पाय धुळीनं भरून ये तेवढे."

मग मी दर आठवड्याला सोनारी रचू लागलो आणि अप्पा ती सुधारू लागले. "काशिनाथ एवढं गोड बोलत न्हाय. एखादी शिवी घाल. तिला खरं वाटंल." न बघितलेलं न लिहिणारा तो माणूस चंद्रीला शिंगं फुटल्याचं झोकदार अक्षरात लिहीत होता.

निजामाचं राज्य गेलं. मामा परतले. बहिणीला भेटायला आले, तर अप्पांनी त्यांना दुकानाशीच अडवलं.

"चंद्री कोण?" मामा चक्रावले.

"तुझी रेडी. घरात शिरायच्या आत पाठ कर."

मामांनी केली. बहिणीपुढं तर त्यांनी ती चांगल्या घरी विकूनही टाकली.

त्या संध्याकाळी अक्कांनी मला बोलावून घेतलं. घंगाळात कढत पाणी ओतवलं, मीठ टाकवलं. "पाय बुडव. असल्या दिवसांत माझ्यापायी किती चाललास रे बाळा."

"अक्का, मी..."

समोर अप्पांनी मान जराशी हलवली. नको.

पुढं अप्पा गेले. आता मला अडवणारं कुणी नव्हतं. अक्का नंतर पुष्कळ वर्षं होत्या. दर संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन जायचो, पाया पडायचो. 'माफ करा' अगदी ओठांशी यायचं. तेवढ्यात अक्का माझ्या पायांवरून हात फिरवून विचारायच्या, "आता दुखत न्हाईत ना रे?"

"न्हाय अक्का," मी म्हणायचो.