मागच्यांचे बबनतात्या

बबनतात्यांच्या घरी चहा मिळण्याआधी परीक्षा द्यावी लागते. पाहुणा टेकला की तात्या धोतराच्या सोग्याने एक काळी रेकॉर्ड पुसतात, प्लेअरवर ठेवतात, सुई टेकवतात आणि गाणं संपलं की विचारतात, "काय ऐकलं?" पाहुणा म्हणाला, "पुढचा लई भारी गातो," की चहा रद्द.

"पुढचा सोडा राव. मागचे ऐका."

रेकॉर्ड अमेरिकेतली. कव्हरवर पाच कृष्णवर्णीय गडी, एकसारखे चमकते सूट, एकाच बाजूला वळवलेल्या माना. एक पुढे, चार मागे. आमच्या पिंपळवंडीच्या पलीकडे आकाश ऐकणाऱ्या मोठाल्या दुर्बिणी आहेत. तिथे आलेला एक परदेशी शास्त्रज्ञ काही महिने तात्यांकडे राहिला आणि जाताना प्लेअरसकट ही रेकॉर्ड ठेवून गेला. तात्यांच्या मते हे तिकडचं भजनी मंडळ. पुढचा तो बुवा, मागचे झीलकरी. बुवांनी ओळ म्हटली की मागच्यांनी ती उचलून धरायची, ती झील.

"तात्या, पण तुम्हाला इंग्रजी कुठं कळतं?" कुणीतरी विचारतंच.

"मागचे नुसतं ऊ-ऊ करत्यात. त्याला काय डिक्शनरी लागती?"

पंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार मत मागायला आला. त्यालाही बसवलं. त्याने पुढच्याची तारीफ केली. तात्या म्हणाले, "ह्यो निवडून आला तर मागच्यांना वळखायचा न्हाई." तो निवडून आला. पुढचं सांगायला नको. पुतणीला बघायला आलेल्या मुलाने तर मोबाईल काढला आणि म्हणाला, "हेच गाणं ह्यात क्लिअर वाजतं." मुलगी दिली नाही. पुतणी अजून तात्यांचे उपकार मानते.

गाव तात्यांना हसतं, पण फार वेळ नाही. फ्लेक्सवर आपला फोटो पुढे कसा येईल, या काळजीतून गावाला सवड कुठली? आमच्या सार्वजनिक मुतारीच्या उद्घाटनाच्या फ्लेक्सवर चौतीस चेहरे होते. मुतारीत एका वेळी दोघंच मावतात.

मीही त्या चौतिसांत होतो. पहिल्या रांगेत. हे आणि याहून वाईट ते कबूल करायलाच लिहायला बसलो आहे.

आमच्या भजनी मंडळाचा बुवा मी. वीस वर्षं तात्या माझ्यामागे बसून झील धरायचे. मग एका स्पर्धेत आम्ही हरलो. परीक्षकांच्या कागदावर शेरा होता, 'झील वेळेआधी येते.' मला गुन्हेगार हवाच होता. देवळात सगळ्यांसमोर मी म्हणालो, "तात्या, वय झालं. ताल सुटतो. आता तुम्ही बसून ऐकत जा." पाठोपाठ मंडळाने इको मशीन घेतलं. माझ्यामागे माझाच आवाज झील धरू लागला. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

तात्यांनी टाळ सतरंजीवर ठेवले. "बरं," म्हणाले आणि गेले. रेकॉर्डचा नाद लागला तो त्यानंतर. झील धरायला पुढे कुणीतरी गाणारा लागतो. तात्यांना तो अमेरिकेतून मिळाला.

दोन वर्षं मी त्यांच्या दारावरून गाडी न थांबवता नेली. मागच्या महिन्यात एका दशक्रियेला भजन चालू असताना वीज गेली. मशीन बंद. वरच्या ओळीवर माझा आवाज असा फाटला की रडणाऱ्या बायका रडायच्या थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदाच फाटला, असं मला वाटलं. पण मशीनच्या आधी माझ्यामागे कोण असायचं, हे मनात टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांच्या ओट्यावर गेलो.

"या बुवा," ते म्हणाले. जणू मी कालच येऊन गेलो होतो.

"तात्या, माझी चूक झाली. माफी मागायला..."

"बसा तर खरं." त्यांनी रेकॉर्ड लावली आणि सुई नेमकी एका जागी टेकवली. "हितं ऐका."

पुढचा वर चढत होता. चढता चढता त्याचा दम सुटला, आवाज चिरकला आणि त्याच क्षणी मागचे चौघं त्याच्यावर पांघरूण घातल्यासारखे आले.

"वेळेआधी आले," मी म्हणालो.

"आले न्हाई. धावले."

मी कव्हर उचलून मागच्या चौघांकडे पाहिलं. मग विचारलं, "तात्या, माझा दम कुठं सुटायचा?"

"वरच्या ओळीला. पैल्यापासनं."

"वीस वर्षं?"

"कुनाला ऐकू आला व्हता का?"

"मग त्या दिवशी देवळात बोलला का नाही? एवढे लोक होते."

तात्यांनी सुई उचलली.

"लोक व्हते म्हनूनच न्हाई बोललो," ते म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.